विमान आपटायला शिकवणारे सर

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर आमच्या विमानवाहू जहाजावरच्या लँडिंग अधिकाऱ्यांचा. सर मूळचे कोकणातले. डेकच्या कडेला, वाऱ्यात उभं राहून ते येणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला रेडिओवर बोलून बोलून खाली घ्यायचे.

माझी शाळा मुलताईला मामाकडे झाली आणि कॉलेज भोपाळला. घराण्यातला मी पहिला पदवीधर. वडील सरकारी खात्यात वायरमन. भोपाळच्या शिवाजी नगरात आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर. खाली एक साहेब राहायचे, त्यामुळे खुर्चीसुद्धा उचलूनच ठेवायची, हा आईचा नियम. त्या शिस्तीमुळे असेल, पण नौदलात आल्यावर विमान हळुवार टेकवण्यात माझा हात लवकर बसला. टेकण्याआधी नाक किंचित उचललं की धावपट्टीवर चाकं कधी लागली ते कळतसुद्धा नाही. शिक्षक कौतुक करायचे.

जहाजावर नेमकं हेच चालत नाही. तिथे डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असतात. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यातल्या एकात अडकला तरच विमान थांबतं. नाक उचललं की आकडा दोरांवरून निघून जातो. म्हणून ज्या उताराने आलो त्याच उताराने धाडकन आदळायचं. आणि आदळल्याक्षणी इंजिन पूर्ण जोरात सोडायचं, कारण आकडा चुकलाच तर समोर समुद्र असतो, पुन्हा उडावंच लागतं.

पहिल्या दिवशी मी दोनदा चुकलो. डोक्याला सगळं पाठ होतं, हाताला नव्हतं. दोन्ही वेळा डेकला पाय लावून पुन्हा आकाशात. आता किनाऱ्यावर परतण्यापुरतं राखून इंधन एकाच प्रयत्नाचं उरलं होतं. तोही फसला तर किनाऱ्यावर परत, आणि मग बहुधा जहाजाचं दार कायमचं बंद.

सर मला गावाच्या नावानेच हाक मारायचे. तिसऱ्या वेळी वळून आलो, तर रेडिओवर ते सगळे नियम सोडून मराठीत म्हणाले, "भोपाळ, ठेवू नकोस. आपट!"

मी आपटलं. पट्टे खांद्यांत रुतले, दात एकमेकांवर बसले आणि विमान जागच्या जागी उभं राहिलं. इंजिन मात्र गरजतच होतं, ते कमी करायचं मला भानच नव्हतं.

"अरे, थांबलास तू," सर म्हणाले. "आता जहाज ओढून नेतोस का कारवारला?"

संध्याकाळी सगळ्या वैमानिकांना बसवून सर वहीतून प्रत्येकाचं उतरणं वाचून दाखवायचे. वाद घालायचा नाही, असा रिवाज. माझ्यापाशी येऊन त्यांनी विचारलं, "दुसऱ्या वेळी काय झालं रे?"

"सर, वारा होता."

"वारा? समुद्रावर? नवलच!"

सगळे खो खो हसले. सरांनी मात्र वहीत "वारा" असं लिहिलं आणि पुढच्याकडे वळले.

गेल्या महिन्यात एक जुना सहकारी कामानिमित्त भोपाळला आला होता. माझ्या त्या पहिल्या दिवशी तो जहाजाच्या नियंत्रण कक्षात होता. एम. पी. नगरात चहा घेताना सहज म्हणाला, "दुसऱ्या चुकीनंतर तुला परत पाठवायचंच ठरलं होतं. तुला माहीत नाही? सर फोनवर म्हणाले, एकदा येऊ द्या त्याला. नाही उतरला तर चूक माझ्या नावावर लिहा."

माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिसरी संधी सगळ्यांनाच मिळते. घरी येऊन मी लगेच पत्र लिहायला बसलो.

"आदरणीय सर,

सादर नमस्कार. तुम्ही माझ्यासाठी काय बोलला होतात, ते मला आज कळलं. त्यानंतर मी जितक्या वेळा जहाजावर उतरलो, तितक्या वेळा तुमचे आभार मानायला हवे होते. आता एकदमच मानतो.

एक कबुलीही द्यायची आहे. त्या दिवशी दुसऱ्या वेळी वारा नव्हता. नाक मीच उचललं होतं. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं होतंत, तरी चारचौघांत मला खोटं पाडलं नाहीत.

थंडीत भोपाळला या. आई अजून तुमच्या 'आपट'वर हसते, तिला तुम्हाला भेटायचंय. आणि ती वही जपून ठेवली असेल तर बरोबर आणा. 'वारा' खोडून तिथे खरं काय ते माझ्या हाताने लिहीन म्हणतो.

तुमचा,
भोपाळ"