खडकावर काढलेली घरं

सुरुवातीलाच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजिबात नव्हता! या सदरातले अनुभव माझी नाशिकची बहीण मला नेमाने पाठवते आणि मी वाचून तिला हसणारे इमोजी पाठवते. कुणाला वळणावर बाई दिसली, कुणाला बंद खोलीत खोकला ऐकू आला... मी म्हणायची, आधी झोप पूर्ण करा आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. आता हे छापून आलं की ती मला चिडवणार, चिडवू दे. पण जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो, आणि खरं सांगू का, तो भीतीचा नसतो. मला अक्षरशः उड्या माराव्याशा वाटतात.

मी वृषाली, मूळची औरंगाबादची. नवरा प्रशांत इथे कुवेतमध्ये एका बँकेत अकाउंट्स बघतो, आम्ही फरवानियात राहतो. मी मीना अल-अहमदी बंदरातल्या रिफायनरीचं काम घेणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे नकाशे काढते. कुठला पाइप कुठे जमिनीत शिरतो, कुठे बाहेर येतो, व्हॉल्व कुठे बसलाय... एखादी रेघ हातभर सरकली तरी साहेब डोक्यावर बसतो. थोडक्यात, माझ्या नोकरीत कल्पनाशक्तीला बंदी आहे.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी सकाळी आम्ही काही मराठी मंडळी मिरकाबला सबनीसकाकांच्या जुन्या, ऐसपैस फ्लॅटमध्ये लॅपटॉप घेऊन जमतो. काका आयटीतले, पक्के पुणेकर. काकी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्ताच्या स्लाइड्स बघतात. आम्ही जमून करतो काय, तर अफगाणिस्तानातल्या खेड्यांचे नकाशे काढतो! हसू नका. तिथल्या डोंगरांत अशी कितीतरी गावं आहेत जी कुठल्याच नकाशावर नाहीत. भूकंप झाला, पूर आला की मदतीचा ट्रक निघतो, पण जायचं कुठे हेच ड्रायव्हरला कळत नाही. म्हणून उपग्रहाच्या फोटोचे चौकोन पाडतात, एकेक चौकोन एकेकाने घ्यायचा आणि त्यात दिसेल ते घर, पायवाट, ओढा, सगळं रेघांनी काढायचं. मग दुसरा कुणीतरी ते तपासतो. बरोबर असेल तर चौकोन हिरवा होतो, चूक असेल तर लाल होऊन आपल्याकडे परत येतो.

आमचे तपासनीस म्हणजे अर्थातच सबनीसकाका. त्यांचा नियम एकच — "जे दिसतं तेच काढायचं. असावंसं वाटतं ते नाही." नवी माणसं मोठ्या शिळेची सावली बघून घर काढतात, मेंढ्यांच्या वाड्याला शाळा म्हणतात. काका एकालाही सोडत नाहीत. त्यांनी लाल केलेल्या चौकोनावरून लोक रुसून बसलेले मी पाहिलेत.

तर मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर पूर्वेकडच्या डोंगरांत भूकंप झाला आणि आमच्या गटाकडे एका तालुक्याचे चौकोन आले. तिथला मदतीचा माणूस होता नासिरभाई. लहानपणी बरीच वर्षं पेशावरला राहिलेला, त्यामुळे उर्दू बोलायचा. मी त्याला नासिरभाई म्हणायची, तो मला बाजी, म्हणजे ताई. तो रोज संध्याकाळी आमचा नकाशा उतरवून छापायचा आणि सकाळी ट्रक घेऊन निघायचा. ट्रक एकच. वर बर्फ पडायला लागलं होतं. एकदा घाट बंद झाला की वसंतापर्यंत कुणी कुणाकडे पोहोचणार नव्हतं.

त्या शुक्रवारी बाहेर धुळीचं वादळ होतं, खिडक्या पिवळ्या झालेल्या. काकींनी थालीपीठं लावली होती. मी एक चौकोन घेतला. बहुतेक सगळा उघडा डोंगर, खालून एक ओढा, ओढ्याकाठी ट्रकची कच्ची वाट आणि त्या वाटेला वरून येऊन मिळणारी एक अरुंद घळ. पाच मिनिटांचं काम असं म्हणून मी सरकवत सरकवत वर गेले आणि... अरे वा! घळीच्या आत, जिथे ती जरा रुंद होते तिथे, घरं होती. चांगली दहा-बारा. मातीची सपाट छपरं, उत्तरेला पडलेल्या त्यांच्या सावल्या, मध्ये अंगण, अंगणाला भिंत. एका घराची भिंत सरळ जाता जाता मध्येच बाकदार झालेली, कारण तिथे झाड होतं आणि बांधणाऱ्याने झाड तोडायच्या ऐवजी भिंत वळवली होती. मला इतकं गमतीचं वाटलं की मी प्रशांतला हाक मारली.

"हे बघ, याने झाडासाठी भिंत वाकडी केली."

प्रशांत माझ्या खांद्यावरून वाकला. "भला माणूस दिसायलाय. आणि हे लाल काय आहे गं छपरावर? गोधडी वाळत घातली का?"

काकी थालीपीठाचं ताट घेऊन आल्या होत्या, त्यांनीही बघितलं. "गोधडी नाही रे, मिरच्या असतील. कशी खेटून खेटून बांधलीत ना घरं? आमच्या वाईकडच्या आळीसारखी."

म्हणजे तिघांनी बघितलं. हे लक्षात ठेवा, कारण "तुम्हाला भास झाला असेल" हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा राग येतो. तिघांना एकच लाल गोष्ट दिसते का भासात? मी घरं काढली. एकेक कोपरा पकडून, ती बाकदार भिंतसुद्धा जशीच्या तशी. सेव्ह केलं, पाठवलं आणि थालीपीठावर ताव मारला.

हात धुऊन येते तोच काकांचा आवाज. "वृषाली, जरा इकडे ये."

आवाजावरूनच मला कळलं, लाल होणार. "काय झालं काका?"

"तू खडकावर घरं काढली आहेस."

मला हसूच आलं. मी त्यांच्या स्क्रीनवर बघितलं. माझ्या रेघा होत्या... सगळ्या, बाकदार भिंतीसकट. आणि रेघांच्या खाली खडक होता. नुसता खडक आणि थोडं खुरटं गवत. एक झाड मात्र होतं, माझ्या भिंतीच्या वळणात बरोबर बसलेलं. घर नाही, अंगण नाही, लाल काही नाही.

मी धावत माझ्या लॅपटॉपकडे गेले. तिथेही खडक! प्रशांत आला. तो एरवी कशाची म्हणून टिंगल सोडत नाही, पण आता तोही स्क्रीनवर वाकला. "आत्ता तर होतं की इथं," एवढंच म्हणाला.

काका शांत होते. म्हणाले, दुसरा फोटो लोड झाला असेल. आम्ही होते नव्हते ते सगळे फोटो लावून बघितले, जुने आणि त्याहून जुने. खडक. मग म्हणाले, शेजारचा चौकोन बघून इथे काढलं असशील. आजूबाजूचे सगळे चौकोन पालथे घातले. तशी वस्ती कुठेच नाही. स्क्रीनशॉट का काढला नाही, असं आता सगळे विचारतात. अहो, शेकडो छपरं काढतो आम्ही, प्रत्येकाचा फोटो कोण काढून ठेवतो?

"मी हे डिलीट करतोय," काका म्हणाले.

"काका, थांबा! मला दिसलंय ते."

"आता दिसतंय का?"

"नाही."

"मग? अगं, गेल्या आठवड्यात त्या दुसऱ्या ग्रुपमधल्या कुणीतरी नसलेली वाट काढली. ट्रकचा अख्खा दिवस फुकट गेला आणि ज्या गावाला जायचं होतं ते उपाशी राहिलं. तुझ्या या घरांपायी उद्या तेच झालं तर?"

ते बरोबरच बोलत होते, म्हणून मला जास्त त्रास होत होता. घरं ठेवली आणि तिथे कुणी नसलं तर दुसऱ्या कुणाचा तरी घास जाणार. पुसली आणि तिथे कुणी असलं... तर ते कुणाला कधी कळणारसुद्धा नव्हतं. बर्फ पडून सगळं झाकलं जाणार होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा काकी पदराला हात पुसत पुढे आल्या.

"अहो, मी पण बघितलं. तीस वर्षं मी स्लाइड बघून रिपोर्ट देतेय. मी जे बघितलं ते बघितलं."

काका काकींकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "नासिरला फोन लाव."

मी लावला, स्पीकरवर. जसं घडलं तसं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, भाईसाब, मला वेडी समजा, पण आम्ही तिघांनी घरं बघितली आणि आता ती नाहीत.

नासिरभाईने घळ नेमकी कुठली ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "बाजी, उस घाटी में कोई नहीं रहता. चराई की जगह है, गर्मियों में भेड़ें जाती हैं बस."

"तो मिटा दें?"

"मिटाना, न मिटाना आपका काम है. मैं तो वैसे भी नीचे वाले रास्ते से जाऊँगा, ऊपर गाड़ी नहीं चढ़ती. लेकिन नक़्शे पे घर होगा तो आवाज़ तो देनी पड़ेगी."

मला कळलं नाही. त्याने समजावलं. त्यांच्याकडे परका माणूस कुणाच्या घराखालून असा मुकाट जात नाही. लांबूनच हाक द्यायची, म्हणजे अंगणातल्या बायकांना आत जायला वेळ मिळतो. न देता गेलं तर तो अपमान. त्यामुळे नकाशावर वस्ती दिसली की त्याचा ड्रायव्हर तिथे थांबतो, भोंगा वाजवतो, खाली उतरून ओरडतो आणि मगच पुढे निघतो. रिकाम्या डोंगराखालून मात्र गाडी न थांबता जाते.

म्हणजे दिवस फुकट जाणार नव्हता! फार तर एक भोंगा आणि एक हाक. मी काकांकडे बघितलं. त्यांनी बराच वेळ माउस हातात धरून ठेवला. मग तो चौकोन हिरवाही केला नाही, लालही केला नाही, घरांसकट तसाच सोडून दिला आणि उठून बाल्कनीच्या बंद दाराशी जाऊन उभे राहिले. नियम मोडलेला त्यांना सोसत नव्हता, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

शनिवार कसा काढला ते माझं मला माहीत. रविवारी ऑफिस. मीना अल-अहमदीच्या केबिनमध्ये मी पाइपांच्या रेघा ओढत होते आणि फोन वाजला. नासिरभाईचा व्हॉइस मेसेज. मागे वारा, माणसांचे आवाज आणि एका तान्ह्या बाळाचं रडणं.

"बाजी! बाजी, लोग हैं!"

ड्रायव्हरने घळीच्या तोंडाशी भोंगा वाजवला होता. काही नाही. नियमाप्रमाणे उतरून हाक मारली. तरीही काही नाही. गाडीत बसणार एवढ्यात वरून दगड घरंगळत आले आणि पाठोपाठ एक माणूस, धावत, पडत, दोन्ही हात हलवत. डोंगराच्या पलीकडचं त्यांचं गाव भूकंपात बसलं होतं, मागची वाट दरडीखाली गेली होती. जी माणसं वाचली ती या घळीत उतरून एका कपारीखाली राहिली होती. घरं नव्हती, तंबूही नव्हते. जखमी होते, म्हातारे होते आणि एक बाई तिथेच बाळंत झाली होती. खालून ट्रक जाताना त्यांना आधीच्या दिवसांतही ऐकू आला होता, पण हाका मारत खाली पोहोचेपर्यंत तो निघून जायचा. या वेळी तो थांबला होता.

मी केबिनमध्ये जोरात रडले आणि मग जोरात हसले. शेजारचा केरळचा थॉमस पाणी घेऊन धावत आला. मी त्याला मिठीच मारली, बिचारा घाबरला! संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांनी नुसता काकींचा हात धरला.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही कदाचित तेच म्हणून गप्प बसले असते. पण बर्फ वितळल्यावर त्या लोकांनी तिथेच राहायचं ठरवलं, घरं बांधली, आणि उन्हाळ्यात त्या भागाचा नवा फोटो आला. काकांनी स्वतः तो माझ्या जुन्या रेघांखाली लावला. घरं रेघांत बसली. सगळी. सावल्या उत्तरेला, भिंत झाडाला वळसा घालून गेलेली, आणि एका छपरावर लाल काहीतरी. माझ्या रेघांवर त्या शुक्रवारची तारीख आजही आहे, कुणीही तपासावी.

प्रशांतने एक शंका काढली — त्या लोकांनी नकाशा बघून तशी घरं बांधली असतील. मी नासिरभाईला विचारलं. तो हसायलाच लागला. नकाशा ट्रकमधून बाहेरसुद्धा आला नव्हता. आणि तुम्हीच सांगा, कुणी कागदावरच्या रेघेसाठी आपली भिंत वाकडी करेल का?

त्या लोकांनी नासिरभाईला विचारलं होतं म्हणे, आम्ही इथे आहोत हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याने सांगितलं, कुवेतमध्ये एक बाजी आहे. पण बाजीला कुणी सांगितलं, ते मला माहीत नाही. फोटो घेणाऱ्या कंपनीला ईमेल करून झालं, जाणकारांना विचारून झालं.

एवढं मात्र खरं, की चौकोनात काहीच नाही असं कळवणारं "रिकामा" हे बटण आता माझ्याच्याने चटकन दाबवत नाही. शुक्रवारी असा नुसत्या खडकाचा चौकोन आला की मी बघते, मोठा करून बघते, पुन्हा बघते. काका घाई करत नाहीत. मग मी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारते — "काकी, जरा येता का? तुम्हाला इथे काही दिसतंय का?"

आणि काकी गॅस बारीक करून येतात.