स्वरा एकदाच बोलली

असल्या गोष्टी ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्यांना मी सरळ म्यूट करते. त्यामुळे हे इथे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय... पण घरात सांगू शकत नाही.

आम्ही काळेवाडीत राहतो, काका-काकी वरच्या मजल्यावर. त्यांची स्वरा अकरा वर्षांची. गेल्या वर्षी तिच्या हातातून पेन्सिल पडायला लागली. साध्या बेरजा चुकायला लागल्या. टीचर म्हणाल्या, लक्ष नसतं. काकीने दोन धपाटे घातले. मग झटके येऊन ती चालता चालता पडू लागली. हॉस्पिटलमध्ये पाठीतलं पाणी तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी गोवर झाला होता का? झाला होता — सात महिन्यांची असताना, लस द्यायच्या आधीच. तो व्हायरस इतकी वर्षं मेंदूत राहिला होता. असं फार क्वचित होतं, म्हणाले. पूर्ण बरं करणारं औषध नाही.

"अख्ख्या बिल्डिंगीत कुणाला गोवर नव्हता," काकी म्हणाली. "माझ्याच लेकराला कुठनं आला?"

मी फाइल धरून शेजारीच उभी होते. इंग्लिश वाचता येतं म्हणून मला नेलं होतं.

दिवाळीनंतर स्वराचं बोलणं थांबलं. कुणाला ओळखेना. मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, मी तिच्या केसांना तेल लावत होते. काकी दारात लसूण सोलत होती. अचानक झटके थांबले. स्वराने माझ्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली,

"ताई, मी कुणाला सांगितलं नाही."

स्वरा सात महिन्यांची होती तेव्हा मी दहा वर्षांची होते. ताप होता, कानामागून चेहऱ्यावर पुरळ उठलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गॅदरिंगमध्ये माझा पहिल्या रांगेत डान्स होता. मी आरशासमोर पावडर थापली. खोलीत फक्त स्वरा, पलंगावर. तिला उचलून, गालाला गाल लावून म्हणाले होते, "कुणाला सांगायचं नाही हं." नंतर आईला म्हणाले, पित्त उठलंय. दहा-बारा दिवसांनी स्वराला गोवर निघाला.

काकी धावत आली. "काय नाही सांगितलं? काय म्हणतीये ग ती?"

"माहीत नाही, काकी."

डॉक्टर म्हणतात, मध्येच एखादा शब्द निघू शकतो. निघत असेल. पण हेच वाक्य? सात महिन्यांच्या बाळाला काय आठवणार...

काकीला मात्र आशा लागलीये. संध्याकाळी मी चाकणहून कंपनीच्या बसने आले की ती मला वर बोलावते. "तुझ्याशीच बोलली होती ना, बस जरा."

मी बसते. स्वराचा हात धरते. आणि काकी खोलीत असेपर्यंत तिने गप्पच राहावं, असं मनात म्हणत राहते.