ब्रेकमध्ये टाकलेलं तेल

लढाई संपल्यावर पलटणीचे ट्रक लिलावात निघाले, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं एक घेतला. नागपूरहून तो स्वतःच चालवत वरूडला घेऊन आला. हिरवट रंगाचा, उंच, स्टिअरिंग डाव्या बाजूला. लढाईच्या आधी भावानं काही वर्षं दर्यापूर-अमरावती लॉरी चालवली होती, त्यामुळे गाडीचं त्याला भय नव्हतं. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. संत्र्याची बाग, भाजीचा मळा आणि मी, हे तिन्ही त्यानंच वाढवलं.

मी अमरावतीला राहून मॅट्रिक झालो होतो. नोकरी लागली नाही, म्हणून बागेत परतलो होतो. ट्रकबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, तेलाच्या डागांनी अर्धं काळं झालेलं. भावानं ते माझ्या हातात दिलं.

"तू शिकला ना? मंग वाच. यात काय टाकाचं न् कवा बदलवाचं, थे तू पाह्य. मी चालवतो."

अशी आमची वाटणी झाली.

पुस्तकात एक तक्ता होता. इंजिनाला कोणतं तेल, गिअरला कोणतं, मागच्या धुऱ्याला कोणतं, ब्रेकला कोणतं, आणि किती मैलांनी बदलायचं. पण तेलांची नावं म्हणजे पलटणीची अक्षरं आणि आकडे. वरूडच्या दुकानदारानं तो तक्ता उलटा धरून पाहिला. अमरावतीच्या दुकानदारानं सुलटा धरला, पण त्यालाही काही उमगलं नाही. शेवटी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एक म्हातारे मिस्त्री भेटले. लढाईत ते पलटणीच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना ती अक्षरं पाठ होती. दुकानात मिळणारं कोणतं तेल कोणत्या अक्षराच्या जागी चालेल, हे त्यांनी मला एकेक करून सांगितलं. बोटाच्या चिमटीत तेल घेऊन ते बोटं हळूच दूर करत. तार किती लांबते ते पाहत.

"किताब में हजार मील लिखा है," ते म्हणाले. "लेकिन किताब उनके मुल्क की है. इधर इंजन काली मट्टी की धूल खाता है. तुम सातसौ पकडो."

गाडीचा मैल मोजायचा काटा बंद होता. मग आम्ही खेपांनी हिशेब बसवला. वरूडहून अकोला आणि परत, अशा तीन खेपा झाल्या की इंजिनाचं तेल काढून टाकायचं. हवा गाळायच्या डब्यातलं तेल दर खेपेला, कारण त्यात चिखल बसायचा. गिअरचं आणि धुऱ्याचं हंगामातून एकदा. ब्रेकचं बदलायचं नाही, पण रोज पाहायचं. उतरलं असेल तर भर घालायची.

ब्रेकचं तेल मिळत नसे. मिस्त्रींनी त्यावर तोड काढली होती. शुद्ध एरंडेल आणि स्पिरिट यांचं मिश्रण ते स्वतः करत आणि बाटलीत भरून देत. बाटली देताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

"ये खतम हो जाए तो गाडी खडी कर देना. लेकिन इंजन का तेल ब्रेक में कभी मत डालना. अंदर रबर है. फूल जाता है."

मी मान हलवली. मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी आजही म्हणू शकत नाही.

भावाला माझ्या या खटाटोपाचं हसू यायचं. दर तिसऱ्या खेपेला मी गाडीखाली पडून काळं तेल घमेल्यात काढत असलो की तो म्हणायचा, "बैलाचं रगत दर पंधरवाड्याले बदलवते काय कोणी?" पण मला थांबवलं मात्र त्यानं कधी नाही.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी मृगाच्या बहाराला झाडं वाकली. फेब्रुवारीपासून तोडणी सुरू झाली आणि थांबेचना. शेजारच्या बागांचा मालही आमच्याच गाडीत येऊ लागला. पहाटे तोडा, दुपारपर्यंत निवड, गवताच्या थरांवर संत्री रचणं, मग निघायचं. मोर्शी, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. माल उतरवून परत. आलो त्या दिवशी पुन्हा तोडा. हमाल, क्लीनर, मुनीम, सगळं मीच. अंघोळ केली तरी हाताचं काळं जात नव्हतं. भाकरीला तेलाचा वास यायचा. पाठ टेकली की झोप लागायची, पण त्या झोपेतही गाडी चालूच असायची. वहिनी ताट वाढून हाक मारायच्या आणि मी "आलो" म्हणून तिथंच डोळे मिटून बसायचो.

भाऊही थकला होता. तो बोलत नव्हता इतकंच. स्टिअरिंग सोडलं तरी त्याची बोटं थोडा वेळ वाकडीच राहत.

अशाच एका दुपारी गाडी बागेत भरून उभी होती. मी ड्रायव्हरच्या पायाखालची पत्र्याची पाटी उचलून ब्रेकच्या तेलाचं झाकण काढलं. तेल दोन बोटं खाली गेलं होतं. मिस्त्रींची बाटली घरी होती, स्वयंपाकघराच्या फळीवर. बागेपासून घर अर्धा मैल. जाऊन यायला वीस मिनिटं लागली असती.

मी गाडीच्या पायरीवर बसलो. उठून घराकडं निघायचं होतं. पाय उचलतच नव्हते. त्या वेळी मनात काय आलं ते नीट आठवतं: तेल ते तेलच, आणि दोन बोटांनी काय होतं. शेजारी इंजिनाच्या तेलाचा डबा होता. मी त्यातलं ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि पाटी बसवली. भाऊ आला, आम्ही निघालो.

अमरावतीपर्यंत काही झालं नाही. तिथल्या व्यापाऱ्यांशी बोललो, रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढं निघालो. बडनेरा सोडल्यावर गाडी जड वाटू लागली. भाऊ वारंवार खाली पाहत होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे जळका वास आला आणि त्यानं गाडी कडुलिंबाखाली घेतली. मी उतरून चाकाला हात लावायला गेलो, तर आच लांबूनच लागली.

"ब्रेक धरून राह्यले बे," भाऊ म्हणाला. "पाय काढला तरी सुटून नाही राह्यले." मग माझ्याकडं पाहून त्यानं विचारलं, "तेल कोन्तं टाकलं व्हतं?"

"मिस्त्रीनं देल्लं थेच," मी म्हणालो.

हे सांगायला मला एक श्वासही लागला नाही. त्यानं मला इंजिनासाठी पाणी आणायला विहिरीवर पाठवलं. मी बादली घेऊन परत आलो तेव्हा तो बोट पुसत होता. चाकं निवेपर्यंत आम्ही सावलीत बसलो. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग तो उठला.

"चाल. हळू हळू नेतो."

त्यानं खरंच हळू नेली. पण काटेपूर्णा नदीच्या पुलाअलीकडे उतार आहे. उतारावर पुढं एक बैलगाडी चालली होती. तीत तीन-चार बायका आणि चाऱ्याचे भारे. भावानं ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला, काही लागलंच नाही. त्यानं दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा. मग मला म्हणाला, "धरून बस." ओरडून नाही, रोजच्यासारखंच म्हणाला.

गिअर उतरवण्याचा आवाज झाला, गाडी गचकली, आणि त्यानं स्टिअरिंग डावीकडं फिरवलं. आम्ही रस्ता सोडून नांगरलेल्या शेतात शिरलो. काळ्या ढेकळांनी वेग मारला, पण शेताच्या बांधावर दगड रचलेले होते. पुढचं डावं चाक त्यांवर आदळलं. सगळं पुढं फेकलं गेलं. डोळे उघडले तेव्हा संत्री शेतभर घरंगळत होती आणि भावाचा उजवा पाय पेडल आणि वाकलेल्या पत्र्याच्या मधे अडकला होता.

बैलगाडीवाला धावत आला. त्याच्याजवळ पहार होती. आम्ही दोघांनी पत्रा उचकटला. भाऊ ओठ चावून बसला होता. बायकांनी चारा खाली टाकला, बैलगाडीत लुगड्याची घडी घातली आणि त्याला आडवं केलं. त्यांतली एक म्हातारी मला म्हणाली, "बाबू, तू बी बस. तुयाच्यानं चालनं होत नाही." मला तोवर कळलंच नव्हतं की माझ्या कपाळातून रक्त येतंय.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात भावाच्या पायाला फळ्या बांधल्या. दोन जागी मोडला होता. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी माणसं लावून ट्रक आपल्या आवारात ओढून आणवला आणि मला बोलावलं. ब्रेकची नळकांडी खोलून समोर ठेवली होती. आतलं रबर पाण्यात भिजलेल्या भाकरीच्या तुकड्यासारखं फुगून विरविरीत झालं होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं, मग माझ्यापुढं धरलं.

"ये मेरा तेल नहीं है."

मी ते रबर हातात घेतलं.

"तुम्हारे भाई को मैं नहीं बोलूंगा," ते म्हणाले. "वो काम तुम्हारा है." आणि वळून दुसऱ्या गाडीच्या कामाला लागले.

मी पूल ओलांडून दवाखान्यात गेलो. दुपार होती. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला होता. वहिनी वरूडहून आल्या होत्या, त्या पाणी भरायला बाहेर गेल्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो.

"भाऊ, ब्रेकमंदी मी इंजिनाचं तेल टाकलं व्हतं."

त्यानं डोळे न उघडताच उत्तर दिलं. "मले मालूम हाय."

मला वाटलं मिस्त्रींनीच कुणाकरवी सांगितलं. तसं नव्हतं. कडुलिंबाखाली मी पाण्याला गेलो तेव्हा त्यानं पाटी उचलून झाकण काढलं होतं आणि बोट बुडवून पाहिलं होतं. वर इंजिनाचं तेल तरंगत होतं.

"मंग काहून चालवली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. चूक त्याचीच असल्यासारखा.

त्यानं डोळे उघडले.

"माल खराब झाला असता," तो म्हणाला. "न् तिथं उभं राहून काय करू, थे सुचून नाही राह्यलं. वाटलं, पोचून जाऊ. मी बी लय थकलो व्हतो रे." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तेलाचं जाऊ दे. तू खोटं बोलला, थे बरं नाही केलं. खरं बोलला असता तं मी थांबलो असतो."

एवढंच. वहिनी पाणी घेऊन आल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खाटेखाली जमिनीवर टेकलो आणि संध्याकाळपर्यंत झोपलो.

भावाचा पाय जुळला, पण वाकडा जुळला. पेडल दाबण्याइतका जोर त्यात पुन्हा आला नाही. त्यानं बाग सांभाळली, आणि गाडी माझ्याकडं आली. मला चालवायला कधीच आवडलं नाही. पुढची पाच वर्षं मी ती चालवली. दर तीन खेपांना गाडीखाली पडलो, दर सकाळी पाटी उचलली, आणि मिस्त्रींची बाटली सीटखाली कापडात गुंडाळून ठेवली. लोक म्हणायचे, गाडी राखावी तर यानं. त्यात कौतुकासारखं काही नव्हतं. भय होतं, आणि थकलेला माणूसही भयानं उठतो. थकवा काही कमी झाला नाही.

त्या वर्षांत मिस्त्री वारले. त्यानंतर ब्रेकचं तेल बंद डब्यात मिळू लागलं, तेव्हा मला त्यांची आठवण यायची. घटकांचं प्रमाण त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग वरूडला नव्या गाड्या आल्या, आमची जुनी मागं पडली, आणि मोर्शीच्या एका माणसानं ती लाकडं वाहायला घेतली. तो न्यायला आला त्या सकाळी मी त्याला सगळं समजावून सांगितलं. कोणतं तेल कुठं, किती खेपांनी, धुळीच्या दिवसांत काय, पावसाळ्यात काय. तो मान हलवत होता आणि टायरांकडं पाहत होता. मी पुस्तक त्याला देऊ केलं. "मले वाचता येत नाही," तो हसून म्हणाला, पण पुस्तक घेतलं.

गाडी वळणाआड गेली. भाऊ काठी टेकून फाटकाशी उभा होता. मी घरात जाऊन आडवा झालो. दुपारी जेवायला कुणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, वहिनींनी ताट झाकून ठेवलं होतं, आणि बाहेर भाऊ कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता, "झोपू द्या त्याले."