उशाकडची गाठ

लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली आणि मौनीबुवा यांचं जुळेल, असं गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मौनीबुवा म्हणजे पलीकडच्या गल्लीतला सुतार. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर बोलला. लॉन्ड्रीचं मोडकं स्टूल घेऊन ती त्याच्याकडे गेली, वीज गेलेली होती, दोघं नको तितकी जवळ आली आणि तिला दिवस गेले. प्रेमबिम काही नव्हतं. गावाला मात्र चघळायला विषय मिळाला.

तिने सांगितलं तेव्हा त्याने हातातला रंधासुद्धा थांबवला नाही. "लग्न करू," एवढंच म्हणाला.

प्रेम आलं ते त्यानंतर. रोज संध्याकाळी तो बोटांवरचा सरस खरवडून यायचा, तिच्या पोटावर तळवा ठेवायचा आणि चक्क बोलायचा, आतल्या जिवाशी! पाळण्यासाठी त्याने फळ्या निवडल्या. एकीत डोळ्यासारखी काळी गाठ होती.

"ही उशाकडे लाव," ती म्हणाली.

तो हसला. त्या हसण्यावरून ती जीव ओवाळून टाकायला तयार होती. बाई पुरती वेडी झाली होती.

चौथ्या महिन्यात, इस्त्री करता करताच, तिचा गर्भ पडला. तिच्या मावशीखेरीज कुणाला कळलं नाही.

"तोंडाला कुलूप लाव," मावशी म्हणाली. "तो येतो ते पोरासाठी. एकदाचं लग्न उरकू दे, मग काय ते सांग."

रडायलासुद्धा उसंत दिली नाही त्या बाईने. पोटावर कापडाची घडी बांधून इस्त्रीवाली कामावर गेली. डॉक्टरांनी हात लावायला मनाई केलीय, असं तिने त्याला सांगितलं. तो मान डोलावून समोर बसून राहायचा. घडी जाड होत गेली. त्याचं येणं काही चुकलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी लॉन्ड्रीत इस्त्रीचं नवं टेबल आलं. सुतारानेच आणलं. मालक चहा सांगायला बाहेर गेला. ती ब्लँकेट पसरायला वाकली आणि टेबलाच्या कडेला तिला ती काळी गाठ दिसली.

तिने गाठीवर बोट ठेवलं. "तुला माहीत होतं?"

"महिना झाला. जिना उतरताना पोट एका बाजूला सरकलं होतं तुझं."

माहीत असूनही येत होता! क्षणभर तिचा चेहरा उजळला. "मग रोज का येत होतास?"

"बघत होतो, किती दिवस खोटं बोलतेस."

"आणि उद्या?"

"उद्या मला काम आहे."

तो हातोडी उचलून निघून गेला. मालक चहा घेऊन आत आला. "कुठे गेला हा? आणि तू वाकू नकोस अशी, दोन जिवांची आहेस. टेबल कसं झालंय?"

"मजबूत आहे," ती म्हणाली. तिने गाठीवरून ब्लँकेट ओढून घेतलं आणि पहिला शर्ट पसरला.