सहारची खेप

मुंबईचं विमानतळ वाढताना मी पाहिलं ते मखमलाबादच्या मळ्यात बसून, चुलतभावाच्या तोंडून. नव्वदच्या दशकात वडिलांनी गुलाबाचं पॉलीहाऊस उभं केलं. आठवड्यातून दोनदा आम्ही पेट्या भरायचो आणि द्वारका चौकात त्याच्या टेम्पोत चढवायचो. तो पेट्या सहारच्या विमानतळावर नेणार, तिथून फुलं विमानाने हॉलंडला. परत आला की चहा पिता पिता सांगायचा: मालाची शेड वाढवली, फुलांसाठी थंड खोली झाली, यंदा तर काचेची भली मोठी इमारत उठतेय. वडील ते सगळं गावभर सांगत सुटायचे. आमच्या घरातलं कुणी विमानात बसलं नव्हतं, फुलं मात्र बसत होती! दर खेपेच्या पहिल्या जुडीवर ते हळदकुंकू वाहायचे. परमुलखात चाललेल्याला तसंच कसं पाठवायचं, म्हणायचे.

पुढे मी नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईला गेले. सकाळी हाताशी वेळ होता म्हणून दादरच्या फुलबाजारात शिरले, तर समोर आमच्याच पेट्या. वरच्या जुडीला कुंकू, आणि शेजारी उभा राहून भाव करणारा चुलतभाऊ. माझं डोकंच फिरलं. चारचौघांत मी त्याला नाही नाही ते बोलले.

"पहिल्या दोन खेपा गेल्या गं," तो म्हणाला. "तिसरीला तपासणीत कुंकू सापडलं, सगळा माल परत. काकांना कोणत्या तोंडाने सांगू?"

सात वर्षं! पैशाचं सोडा, पण त्या शेडी, ती थंड खोली, सगळं त्याने टेम्पोवाल्यांकडून ऐकून आम्हाला ऐकवलं होतं. काट्यांनी बोटं सोलून घेत मी पेट्या भरल्या त्या दादरसाठी.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. रागाच्या भरात कुंकवाचंही सांगितलं. माल तुमच्यामुळे परत आला, असं तोंडावर म्हणाले. वाटलं, आता पुतण्याला उंबरा चढू देणार नाहीत. ते फुलं कापत होते, हातातली कात्री त्यांनी खाली ठेवली.

"त्याने सात वर्षं माझा मान राखला," ते म्हणाले. "तू एका दुपारीत घालवलास."

खोटं त्याने बोलावं आणि गुन्हेगार मी! मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. चुलतभाऊ पुढच्या खेपेला नेहमीसारखाच आला, चहा प्यायला. पेट्या भरायला मात्र वडिलांनी मला पुन्हा कधी हाक मारली नाही.