आकड्यांवरून बांधलेलं पुस्तक

पुलाचा चढ संपला तेव्हा आमचं निम्मं अंतर कापून झालं होतं. बस बंद होती, म्हणून बाइंडिंगच्या कारखान्यापासून शाळेपर्यंत मी आणि भाऊंची मुलगी अशा आम्ही दोघी चालतच निघालो होतो, हातात हजेरीपटांचे गठ्ठे. उरलेले गठ्ठे सायकलला बांधून तिचे वडील, म्हणजे आमच्या कारखान्यातले बाइंडर भाऊ, पुढे गेले होते. शाळेच्या मोठ्या बाईंनी माल मागवला होता, आणि मुलीलाही घेऊन या म्हणाल्या होत्या. पाचवीला इंग्रजी शिकवायला कुणीतरी हवं होतं. पदवीचं शेवटचं वर्ष नोकरी करता करता होईल, असं त्यांचं म्हणणं. भाऊंनी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं होतं.

"मॅडम, जरा टेका," मी म्हटलं. कारखान्यात तिला सगळेच मॅडम म्हणायचे.

"काकू, तुम्ही तरी नका ना म्हणू."



तिला मी लहानपणापासून पाहिलेली. आई गेली तेव्हा ही चार वर्षांची. भाऊ तिला कामावर घेऊन यायचे आणि ती माझ्या टेबलाखाली बसून रद्दीवर अक्षरं गिरवायची. मी वर फर्मे मोडायची. छापखान्यातून मोठा कागद येतो, त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. प्रत्येक फर्म्याच्या पायाशी बारीक आकडा असतो. एकावर दोन, दोनावर तीन असे लावून भाऊ पुस्तक शिवायचे. इंग्रजी पुस्तकंही तशीच, आकडे बघून. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. "जन्मभर शिवली, एकही वाचली नाही," असं म्हणायचे, आणि म्हणूनच मुलीला इंग्रजी साहित्याला घातली. तिला विचारलं होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पूल उतरलो तशी पायथ्याच्या वहीवाल्याने दुकानातूनच हाक मारली, "काय मॅडम, कधीपासून शाळा? आमच्या पोराला छडी मारू नका बरं!"

ती कसंनुसं हसली आणि झपाझप चालायला लागली. दुकानं मागे पडल्यावर म्हणाली, "काकू, दुसऱ्या वर्षाची ती गाईडं आठवतात? बाबांनी बांधलेली?"

न आठवायला काय झालं! दोन कादंबऱ्यांची दोन गाईडं, एकाच छापखान्याची, एकाच मापाची. भाऊंनी सुटे फर्मे मागून आणले आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून बांधले. कापडी पुठ्ठा, कोपऱ्यांना चामडं. गाईडाचा असा थाट कुणी केला नसेल.

"त्यात चौथा फर्मा याचा त्यात आणि त्याचा यात गेला होता."

"अगं बाई! म्हणजे?"

"म्हणजे कप्तान जहाज घेऊन निघतो, वादळात सापडतो, आणि पान उलटलं की एका विधवेच्या दिवाणखान्यात बसून पाद्र्याला लग्नाला नकार देतो."

मला हसू आवरेना. गठ्ठा रस्त्याकडेच्या कट्ट्यावर ठेवून मी हसले. "आणि तुला कळलं नाही?"

"मी पाठ करत होते हो. वाटलं, मोठं साहित्य असंच असणार, आपल्यालाच समजत नाही. तसंच लिहून आले. पाद्र्यासकट."

"मग?"

"चौसष्ट मार्क."

मी पुन्हा हसणार होते, पण ती हसत नव्हती.

"निकालानंतर मैत्रिणीचं गाईड चाळलं तेव्हा समजलं. नापास केलं असतं तर बरं झालं असतं, काकू. निदान कुणीतरी पेपर वाचला असं तरी वाटलं असतं. पास झाले, आता शेवटचं वर्ष, त्याच्या जोडीला शाळा. मागे फिरायला जागाच नाही."

मग तिने ग्रंथालयातून खरी कादंबरी आणली होती. शब्दकोश घेऊन बसायची, दिवसाला चार पानं. "त्या कप्तानाला पाण्याची भीती वाटते, काकू. कुणाला सांगत नाही. हे गाईडात कुठ्ठेच नाही!" एवढं सांगताना तिचा आवाज वेगळाच लागला. मग पुन्हा खाली गेला. "पाचवीला पन्नास पोरं. हजेरी, वह्या, पेपर. माझं वाचायचं राहिलंच. आणि पाठ करून पास झालेली मी, त्यांना पाठच करायला लावणार."

"भाऊंना सांग की सरळ."

"काय सांगू? चाळीस वर्षांत एक फर्मा चुकला नाही म्हणतात ते. आणि चुकला तो कुणाच्या पुस्तकात?"

मी गठ्ठा पुन्हा उचलला. मनात देवाचं नाव घेतलं आणि चालत राहिले.

शाळेची भिंत दिसली. फाटकाशी भाऊंची सायकल, शेजारी भाऊ. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. आम्हाला बघून त्यांनी लांबूनच हात वर केला.

तिने माझा दंड धरला.

"काकू, बाबा तुमचं ऐकतात. तुम्ही बोलायला लागा. बाईंना सांगा, ही आत्ता नाही, वर्षभराने येईल. मला एक वर्ष मिळवून द्या, ती दोन पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचू द्या. बाबांनी कारण विचारलं तर माझ्यावर ढकला. भित्री म्हणा, हिला इंग्रजीत चार वाक्यं बोलता येत नाहीत म्हणा. खरंच आहे ते, तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. फक्त फर्म्याचं बोलू नका."