विलासनं परत पाठवलेला डबा

गेल्या महिन्यात साताऱ्याहून विलासच्या बायकोचा फोन आला. "भावजी, हे सकाळी..." वहिनी एवढंच बोलल्या. कॅन्सर बराच काळ विलासच्या मागे लागला होता, तेव्हा धक्का बसायला नको होता. पण बसलाच.

सांगलीला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तो मेढ्याचा, मेसच्या आमटीला शिव्या घालत जेवणारा. माझा डबा कुंडलहून सकाळच्या एसटीनं यायचा, रिकामा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. घरी फोन नव्हता. डबा रिकामा आला की पोरगं बरं आहे, असं आई समजायची. शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर मला कावीळ झाली. अन्न बघूनच मळमळायचं. पण घरी कळलं तर आई उचलून नेणार, वर्ष बुडणार... म्हणून मी विलासला गळ घातली, डबा तू संपव. त्यानं काही दिवस संपवला, अंगालाही लागला त्याच्या! मग एका दुपारी मी खोलीतच कोसळलो. त्या संध्याकाळी या पठ्ठ्यानं डबा भरलेला तसाच गाडीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आई हजर.

"लेका, तू तरी खायाचा व्हतास," ती त्याला म्हणाली.

"आवं काकू, मी खाल्ला असता तर तुमी आला नसता."

मी भयंकर चिडलो. तो माझी पिशवी भरत म्हणाला, "परीक्षा पुढच्या साली बी हाय, गड्या." आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी नंतर आईला सांगितलं. वर्ष गेलं, मी वाचलो. ते त्याच्यामुळे.

पुढे तो साताऱ्यात प्राध्यापक झाला. आजार लपवणं त्याला कधी पटलं नाही, स्वतःचाही. केमो सुरू झाल्यावर वर्गात त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "मला कॅन्सर झालाय. झेपणार न्हाई त्या दिवशी मी सांगीन. तुमी बी सांगायचं, लाजायचं न्हाई." आणि फळ्याकडे वळून शिकवायला लागला. केवढी छाती लागते याला!

त्याच्या कॉलेजातल्या शोकसभेत भाषणं लांबत गेली. मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मला बरं वाटत नाहीये. मी घरी जाते," भरल्या सभागृहात ती मोठ्यानं म्हणाली. कुणी हसलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. शेजारच्या दोघी पाण्याची बाटली घेऊन तिच्याबरोबर उठल्या.

तोवर मी रडलो नव्हतो.